पट्टीला चहा

टक्.

एवढाच आवाज झाला, वाळकी काडी मोडावी तसा. मी माझ्या लेकीच्या, फेमकेच्या पावाला लोणी लावत होते. हात थांबला नाही. अगदी कडेपर्यंत लावलं, तिला तसंच लागतं, आणि मगच भिंतीकडे पाहिलं.

खिडकीखालच्या तड्यावर आडवी बसवलेली प्लास्टरची पट्टी मधोमध फुटली होती.

ल्यूनेबुर्गच्या आमच्या बाजूला बहुतेक घरांत अशी एखादी पट्टी असते. गावानं शेकडो वर्षं पोटातलं मीठ उपसून विकलं, त्यावर चर्चं उभी केली, विटांची उंच घरं बांधली. आता मिठाचं काम कधीचं बंद झालंय, पण खालची पोकळी कुठे जाणार? जमीन खचते, भिंत सरकते, पट्टी फुटते. आमची मागच्या दोन्ही मोजण्यांत फुटलेली निघाली होती. पुन्हा तसं झालं तर घर रिकामं करावं लागेल, असं नगरपालिकेच्या मोजणीचे राफेन्स सांगून गेले होते. आणि ते आज दुपारी येणार होते.

घर माझ्या नवऱ्याचं, हिनर्कचं. मार्चमध्ये तो सायकलवरून घरी येत होता, आणि वाटेतच त्याचं हृदय थांबलं. तेव्हापासून मी सगळं करते. कपडे वाळत घालते, फेमकेच्या वेण्या घालते, कुणी विचारलं तर बरी आहे म्हणते. दुखत काहीच नाही, हात बधिर होऊन मुंग्या येतात ना, तसं सगळं अंग झालंय. चौकटी तिरक्या होतात म्हणून हिनर्क दर वर्षी पानगळीत दारांना रंधा मारायचा. यंदा कुणी मारला नाही. मी दारं उघडीच ठेवते. पण हे घर सोडायचं नाही, एवढं एक मला हवं होतं.

शेजारच्या ल्यूडर्सबाई बेल न वाजवताच आत आल्या.

"फुटली ना?"

"तुम्हाला ऐकू आलं?"

"भिंत एकच आहे की आपली. प्लास्टर आहे का घरात?"

"हिनर्कच्या कपाटात असेल."

"मग बघत काय बसलीस? आण. आणि चहा टाक, कडक. दूध नको, आपल्याला प्यायचा नाहीये."

आमच्या गल्लीत याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. पट्टीला चहा पाजणं म्हणतात. नवं प्लास्टर पांढरं फटक दिसतं. त्यावर चहाचा बोळा फिरवला की ते जुनं दिसू लागतं. बाईंच्या सासूनं पाजला होता, बाईंनीही पाजलाय.

मी फुटके तुकडे खरवडून काढले. फेमकेच्या दह्याच्या वाटीत प्लास्टर कालवलं. बाईंनी ते चमच्यानं थापलं आणि विणायच्या सुईनं त्यात जुनीच तारीख कोरली. "हिनर्क असता तर म्हणाला असता, ल्यूडर्सबाई, तुमच्या केकपेक्षा हे बरं जमलंय," त्या म्हणाल्या. मी हसायला हवं होतं. मी बोळा पिळला आणि पट्टीवर फिरवला.

तेवढ्यात बेल वाजली. दुपार व्हायला अजून वेळ होता.

"पलीकडचं घर बंद निघालं," राफेन्स दारात वाकून आत येत म्हणाले. "म्हटलं, तुमचं आधी उरकावं."

ते पट्टीसमोर गुडघे टेकून बसले. कण्हले.

"पट्टी चांगली टिकलीय."

"टिकणारच," ल्यूडर्सबाई म्हणाल्या. "ती काय तुमचा गुडघा आहे?"

फेमके त्यांच्याशेजारी जाऊन उकिडवी बसली. त्यांच्यासारखंच तोंड करून तिनं पट्टीला गाल लावला.

"आई! ही गरम आहे!"

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. इथली पोरं शाळेत हाताचे ठसे काढतात, तेव्हापासून सगळ्यांना हे ठाऊक असतं. आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

राफेन्सनी पट्टीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग बोटं नाकाशी नेली.

"दार्जिलिंग?"

"आपला रोजचा, फ्रीसलँडचा," ल्यूडर्सबाई म्हणाल्या. "भिंतीला दार्जिलिंग कोण पाजेल?"

ते हसले नाहीत. "मुलगी कुठे झोपते?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांना वर नेलं. फेमकेच्या पलंगाशी तोच तडा वर चढत आला होता. त्यांनी तिची उशी बाजूला केली आणि करंगळी तड्यात घातली. दोन पेरं आत गेली.

"मी काही पाहिलंच नाही, असं करू शकतो," ते म्हणाले. "पण मग रात्री मला झोप लागायची नाही. तुम्हाला लागेल?"

उशीवर तिच्या डोक्याचा खळगा अजून तसाच होता.

"लिहा," मी म्हणाले.

खाली ल्यूडर्सबाईंनी दह्याची वाटी नळाखाली धरली आणि घासतच राहिल्या.

मला घरात थांबवेना. फेमकेला जाकीट घातलं आणि कालकबर्गवर घेऊन गेले. टेकडी आमच्या घरामागेच. वरून सगळं गाव दिसतं. लाल छपरं, चर्चचे मनोरे, लांब पाण्याची टाकी. आणि छपरांमध्येच मोकळे हिरवे चौकोन, पाडलेल्या घरांचे.

"आपलं कुठलं?"

मी तिचं बोट धरून दाखवलं.

"आपल्या घराचंपण गवत होणार?"

"हो. बहुतेक."

"जमीन खाली जाते म्हणून?"

"हो, राणी."

मला वाटलं ती रडेल. ती फक्त वळली आणि दुसऱ्या बाजूला पाहू लागली. तिकडे कबरस्तानाची झाडं आहेत, काळपट, दाट. वारा होता. मी तिच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"आई," ती म्हणाली, "मग पप्पापण अजून खाली जातोय?"