मागच्या सीटवर पद्मजा

कांदिवलीच्या गावठाणातली नॅटली मिस्किटा ट्रॅक सायकलिंगमध्ये पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली. सहाव्या वर्षी, दिल्लीत, पुढच्या सायकलीला तिचं चाक घासलं आणि वळणावरच्या उभ्या उतारावरून ती घसरत खाली आली. खांद्याचं हाड मोडलं. ते तीन महिन्यांत जुळलं, पण वळण दिसलं की पाय सैल पडायला लागले. शेवटी बत्तिसाव्या वर्षी तिने शर्यती सोडल्या आणि अंधेरीच्या एका जिममध्ये नोकरी धरली.

तिथे एके दिवशी पद्मजा घाडी तिला शोधत आली. चोविशीची, जन्मापासून दृष्टी नसलेली, बँकेत फोनवर काम करणारी. अंधांच्या शर्यतीत सायकल दोघांची असते. मागे अंध खेळाडू, पुढे डोळस पायलट. पद्मजाची पायलट लग्न करून नाशिकला गेली होती.

"मला वळणाची भीती वाटते गं," नॅटली म्हणाली. "तुला घेऊन पडले म्हणजे?"

"मी तर सपाट फुटपाथवर पण पडते. तू विचार कर, मी बसते."

ती खरंच बसून राहिली. दुपारी जिम बंद व्हायच्या वेळी नॅटलीने हो म्हटलं.

वर्षभर दोघी पहाटे चारकोपच्या रुंद रस्त्यावर सराव करत होत्या. तिथे सगळं ठीक होतं. दिल्लीत शर्यतीच्या आदल्या दिवशी ट्रॅकवर उतरल्या आणि पहिल्याच वळणावर नॅटली गप्प झाली. दोघींची पेडलं एकाच साखळीला जोडलेली. तिचे पाय ढिले पडलेले मागे पद्मजाला लगेच कळले.

"काय दिसतंय?" पद्मजाने विचारलं.

"वळण."

"मग सांग ना. तू गप्प झालीस की मला भीती वाटते."

नॅटली सांगायला लागली. वळण आलं, आता झुकायचं, आता सरळ, परत वळण. बोलता बोलता श्वास पुरेना, पण पाय मात्र थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या चारही फेऱ्या ती "वळण!" आणि "सरळ!" एवढंच ओरडत राहिली. त्या दुसऱ्या आल्या.

शर्यत संपली तरी पद्मजा उतरेना. "अजून एक फेरी मार ना, हळू. घाईत मला ट्रॅक कळलाच नाही."

नॅटलीने खालच्या सपाट कडेने सायकल घेतली. कुठे झेंडे लावलेत, कोण हात हलवतंय, सगळं सांगत राहिली.

"माझे पप्पा उभे आहेत. क्लिफर्ड मिस्किटा, नवीन शर्ट घालून."

"रडतायत?"

"छे," नॅटली म्हणाली. "नाक पुसतायत."

"आणि तू?"

"मी सायकल चालवतेय. गप्प बस आता," असं म्हणून नॅटलीने बाहीने डोळे पुसले.