भोकं पडलेलं गणित

दीपालीला सातवीपासून घरीच शिकवायचं ठरलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. अभ्यासक्रम कोणता घ्यावा? तीन ठिकाणांहून नमुन्याची सुटी पानं मागवली, पडवीत तीन ढीग लावले आणि पंधरा दिवस नुसती चाळत बसले.

माझ्या नणंदेची, सुकरीबाईंची, अख्खी उमर विडीचा तेंदूपत्ता तोडण्यात आणि सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधण्यात गेली. त्या वैतागल्या. "पानं निवडाले इतके दिवस? सरक, इकडे दे."

मी आरमोरीच्या बाजारातून परतले तर तिन्ही ढीग गायब! अंगणात सत्तर-सत्तर पानांचे पुडके, सुतळीने घट्ट बांधून उन्हात ओळीने मांडलेले. इतिहासात विज्ञान, विज्ञानात मराठी.

"आणि चुलीजवळ काय ठेवलं, बाई?"

"खराब माल. भोकाचं पान खरेदीवाला फेकून देते. तुले मालूम नाई का?"

मी तो माल उचलून पाहिला. तिन्ही अभ्यासक्रमांचं गणित. फक्त गणित. एकूण एक पानाला दोन भोकं, गोल, सारख्या अंतरावर.

"दीपाली!"

आत्याच्या पाठीमागून आवाज आला, "आई, आत्याचं ऐक न. पानं पारखाले तिच्यासारखं कोणी नाई."

मी कार्टीचं दप्तर उलटं केलं. माझी पंचिंग मशीन धाडकन पडली आणि मागोमाग कागदाच्या बारीक टिकल्या अंगणभर उडाल्या.

"वेच," मी म्हटलं. "सगळ्या मोज, दोनाने भाग आणि पानं किती होती ते सांग. झाला तुझा गणिताचा पहिला धडा."