रंगबाईंची शेवटची शेड

ग्लेझमास्तरांनी टाइल पाण्याच्या घमेल्यात बुडवून बाहेर काढली, बाहीनं पुसली आणि दिव्याखाली ठेवली. मग तो दिवा घालवून दुसरा लावला, पिवळसर. मग तिसरा, निळसर पांढरा. प्रत्येक दिव्याखाली ते मान तिरकी करून पाहत आणि पुढचं बटण दाबत.

"काय वाटतं?" डिझाइनच्या मॅडमनी विचारलं.

"ओली करा, कोरडी करा," मास्तर म्हणाले, "ही टाइल आपण होऊन काही बोलतच नाही बुवा."

टेबलाच्या कोपऱ्याशी रंगबाईंची लेक बसली होती. कारखान्यात तिला सगळे तेवढ्याच नावानं ओळखत. दुसऱ्या शहरात ती पुस्तकांची मुद्रितं तपासायची. टाइलशी तिचा संबंध पायाखालचा, तेवढाच. पण या कारखान्याच्या रंगखोलीचा एक नियम होता आणि तो तिच्या आईनंच घालून दिलेला होता. ज्यानं शेड काढली त्यानं स्वतःच्या तोंडानं, दोघांच्या देखत, 'हो' म्हटल्याशिवाय ती मोठ्या भट्टीत जायची नाही. मग विक्रीवाले कितीही गळ घालोत. आता तिची शेवटची शेड मागे राहिली होती आणि 'हो' म्हणणारी गेल्या महिन्यात गेली होती. तेव्हा मॅडमनी लेकीला बोलावून घेतलं होतं.

टेबलावर पुढच्या वर्षाच्या सगळ्या शेड्स ओळीनं मांडलेल्या होत्या. भाजक्या विटेचा तांबडा. शेवाळी. लोण्यासारखा पिवळट. एक गडद, जांभळाकडे झुकणारा तपकिरी. पॉलिशचा चकचकाट कुठेही नाही, सगळ्यांवर साय धरल्यासारखी मंद झाक. मॅडम नुकत्याच परदेशातलं प्रदर्शन पाहून आल्या होत्या आणि तिथेही हेच होतं म्हणत होत्या. करडा गेला. हॉटेलं, बँका, नव्या इमारतींतले फ्लॅट, सगळीकडे लोक आता उबदार रंग मागतायत.

"आणि हे बाईंनी कधी सांगितलं होतं माहितीय?" मॅडम म्हणाल्या. "सगळं जग करडी फरशी घालत होतं तेव्हा. मी नवीन होते. मी म्हटलं, बाई, करडा अजून खूप चालेल. तर म्हणाल्या, चालेल गं, पण घरं काय दाताच्या दवाखान्यासारखी करायची आहेत का सगळ्यांना? माणूस दमला की उबेकडे सरकतो. थांब थोडी."

"थांब थोडी म्हणजे त्यांची वर्षं असायची," मास्तर म्हणाले.

लेक हसली. घरीही तसंच होतं.

मास्तरांना आता बोलायचा हुरूप आला. कच्चं ग्लेझ, म्हणजे टाइलवर चढवायचा लेप, त्याचा पक्क्या रंगाशी काही संबंध नसतो, ते सांगू लागले. गुलाबी दिसणारं पाणी भट्टीतून निळं होऊन येतं, राखेसारखं दिसणारं हिरवं. नवा माणूस बादलीत डोकावतो आणि हबकतो. "बाई मात्र बादलीकडे बघून सांगायच्या, मास्तर, हा जरा उदास निघेल. आणि निघायचा हो! मी पाककृती पाठ केलेला माणूस. त्या नुसत्या बघायच्या. कच्च्यात पक्कं दिसायचं त्यांना."

मग त्यांचं लक्ष पुन्हा त्या एका टाइलकडे गेलं.

बाकीच्या शेड्सना नाव देता येत होतं. या एकीला येत नव्हतं. ती पिवळी नव्हती, गुलाबी नव्हती, मातकट म्हणावं तर मातीही नव्हती. कुणीतरी रंग द्यायला घेतला आणि मध्येच सोडून दिला असं वाटत होतं. लेकीनं ती उचलली, उलटी केली, पुन्हा ठेवली, आणि तिची कड टेबलाच्या कडेशी अगदी सरळ जुळवली.

"आम्ही असं ठरवलंय, ताई," मॅडम जपून म्हणाल्या, "की ही कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर घ्यायची. शेजारी बाईंचा फोटो, खाली दोन ओळी. आठवण म्हणून."

"विकायला नाही?"

"कुणी मागितली तर देऊ की. थोडी काढून ठेवू."

लेकीनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर घमेल्यातलं पाणी पाहत होते.

"मास्तर, खरं सांगा. आईचा हात चुकला का?"

"तसं म्हटलं तर माझी जीभ झडेल."

"मग बरोबर आहे म्हणा."

मास्तरांनी खाकरून घसा साफ केला. "शेवटी शेवटी बाईंचे डोळे पिवळे झाले होते, ताई. काविळीनं. मी काही डॉक्टर नाही. पण पिवळ्या काचेतून पाहिलं की आपल्याला…" त्यांनी वाक्य तिथंच सोडलं आणि दिवा उगाच एकदा लावून घालवला.

लेकीनं टाइल पुन्हा हातात घेतली. आई किती वेळा म्हणाली असेल, रंग कीव म्हणून विकला जात नाही. आणि आता तिचाच रंग कीव म्हणून शेवटच्या पानावर बसणार, गळ्यात हार घातलेल्या फोटोसारखा. त्यापेक्षा चुकला असेल तर चुकला म्हणावं, काट मारावी. मुद्रितांतल्या चुकांवर काट मारणं हेच तर तिचं काम होतं. पण काट मारायला चूक दिसावी लागते आणि तिला ना चूक दिसत होती ना बरोबर.

"या शेडच्या थोड्या टाइल मी घरी नेऊ?"

"न्या ना. भट्टी उद्या लागायची आहे. मी सकाळी व्हिडिओवर फोन करते. मास्तर असतीलच. हो म्हणा, नाही म्हणा, तुमच्या तोंडून आलं की झालं."

*

आई-बाबांच्या घरी पोचल्यावर तिनं त्या टाइल न्हाणीघरात बेसिनवरच्या आरशाभोवती चिकटपट्टीनं लावल्या. आई तशीच लावायची. बाहेर सगळ्या जगाला रंग वाटणाऱ्या बाईच्या घरात न्हाणीघर मात्र पांढरं, अगदी कोऱ्या कागदासारखं. का, तर येणारी प्रत्येक शेड तिथे काही दिवस मुक्कामाला असायची. संध्याकाळच्या बल्बखाली लेकीनं पुन्हा निरखून पाहिलं. काही नाही. टाइल होत्या आणि गप्प होत्या.

सकाळी ती उठली तेव्हा न्हाणीघराचं दार उघडं होतं. खिडकीतून ऊन आरशाच्या बाजूला पडलं होतं आणि बाबा ब्रश घेऊन बेसिनपाशी उभे होते. आरशातलं त्यांचं तोंड पाहून तिला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी ते माणसांत आल्यासारखे दिसत होते.

"झोप लागली वाटतं आज."

"कुठली?" बाबा चूळ भरून म्हणाले. "पहाटेपर्यंत छताकडे बघत होतो." मग ब्रशनं टाइलांकडे खूण करत, "आता तूही सुरू केलंस का हे? वाटलं होतं, सुटलो."

"तुम्हाला आवडायचं नाही?"

"अगं, कारखान्याच्या प्रत्येक शेडसमोर दात घासलेत मी. एका वर्षी ती चॉकलेटी आणली होती. दाढी करताना तोंड कुठं संपतं आणि भिंत कुठं सुरू होते, कळायचं नाही. दोनदा कापून घेतलं. तुझी आई म्हणाली, बरं झालं, ही रद्द." ते हसले आणि तोंड पुसायला टॉवेल शोधू लागले. "आणि ती काय करायची ठाऊक आहे? हा असा टॉवेल घेऊन दारात उभी राहायची. तू उभी आहेस ना, तिथंच. मी तोंड धूत असायचो आणि ती माझ्याकडे टक लावून बघायची. मला वाटायचं, लग्नाला एवढी वर्षं झाली तरी बाई भाळलेली आहे आपल्यावर. चांगला फुशारकीत होतो मी. नंतर कळलं, टाइल तपासतेय."

"पण मग तुमच्याकडे का बघायची? टाइलकडे का नाही?"

"तेच मी विचारलं. म्हणाली, टाइल कशाला बघायची, टाइल तर टेबलावरही दिसते."

लेक दारातून आत आली. तिनं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, आरशातल्या नव्हे, खऱ्या. ऊन त्या गप्प टाइलांवर पडत होतं आणि तिथून उलटून त्यांच्या गालांवर, कपाळावर, डोळ्यांखालच्या काळ्या वळ्यांवर येत होतं. येताना ते काहीतरी बरोबर घेऊन येत होतं. तिनं त्यांचा दंड धरला आणि त्यांना हलकेच बाहेरच्या खोलीत, पांढऱ्या भिंतीच्या उजेडात आणलं. तिथे ते पुन्हा कालचेच होते. राखेच्या रंगाचे, रात्रभर जागलेले.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. बाबा, ह्या आईनं लावल्या होत्या का? ह्याच?"

"लावल्या होत्या ना. शेवटचे दोन-तीन महिने ह्याच होत्या. मास्तर पुन्हा पुन्हा नव्या भाजून पाठवायचे आणि तुझी आई परत करायची. थोडं कमी, थोडं जास्त. पण तेव्हा मला उभं करायची नाही." बाबांनी टॉवेलची घडी घातली, मोडली. "मला बाहेर काढायची. स्टूल घेऊन स्वतः बसायची आत, दार ओढून. मी बाहेर उभा, पडली-बिडली तर म्हणून. मी म्हणायचो, अगं, तुझ्याच तोंडाकडे काय बघतेस एवढं? तर म्हणायची, गिऱ्हाईक आहे ते."

"किती वेळ बसायची?"

"तुझा सकाळचा फोन येईपर्यंत. फोन आरशाला टेकवून ठेवायची. तुझ्याशी बोलून झालं की मग बाहेर."

लेक भिंतीला टेकली.

ते फोन तिला सगळे आठवत होते. आईच्या मागे पांढरी भिंत, पांढरा उजेड, आणि पुढे आईचं तोंड. वाळलेलं, पण रंग असलेलं. ती दर वेळी म्हणायची, आई, बरी दिसतेस हं, औषध लागू पडतंय. आई म्हणायची, मग, लागणारच. एकदा तिनं विचारलंही होतं की तुझा आवाज असा घुमतो कशानं? आणि आई पटकन म्हणाली होती, "घर रिकामं आहे ना तुझ्यावाचून." त्यावर दोघी हसल्या होत्या. शेवटी बाबांनी बोलावलं आणि ती येऊन खाटेशी उभी राहिली, तेव्हा उशीवरचं ते पिवळंजर्द तोंड तिला आपल्या आईचं वाटलं नव्हतं. चार दिवसांत माणूस असा कसा उतरतो, असं तिनं डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर काहीतरी म्हणाले होते, तिनं ते नीट ऐकलं नव्हतं.

मास्तर म्हणाले ते खरं होतं. कावीळ होतीच. आईनं ती आरशात रोज पाहिली होती, आणि बादलीत बघून जशी भट्टीनंतरची शेड ओळखायची तशीच तो पिवळेपणा झाकणारी शेड काढली होती. कणभर इकडे नाही, कणभर तिकडे नाही. पोटच्या पोरीला पत्ता लागू दिला नव्हता.

"रडतेस होय?" बाबा म्हणाले.

"नाही. थोडी." मग तिला हसू आलं आणि त्या हसण्यानं जे थांबलं होतं तेही सुरू झालं. बाबा टॉवेल पुढे करून तिच्याजवळ उभे राहिले. 

फोन वाजला तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि नाक लाल. कारखान्याचा नंबर, व्हिडिओ. ती पडद्यातल्या आपल्या तोंडाकडे पाहत राहिली. अशा तोंडानं 'हो' म्हटलं तर तो दुखवट्याचा हो ठरणार होता. तिघंही एकमेकांची समजूत घालतील आणि शेवटचं पान पक्कं होईल.

तिनं फोन वाजू दिला. न्हाणीघरात गेली, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, बेसिनच्या कडेवर फोन आरशाला टेकवला आणि बसून मग तो घेतला.

"अरे वा, ताई!" मॅडम म्हणाल्या. "झोप झालेली दिसतेय. काल किती ओढलेल्या वाटत होतात."

मॅडमच्या खांद्यामागून मास्तर डोकावले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याजवळ वाकले.

"मग, ताई? काय ठरलं?"

"हो," लेक म्हणाली. "घ्या. पण शेवटच्या पानावर नाही. बाकीच्यांच्या ओळीत, मध्ये कुठेतरी. फोटो नको. त्या दोन ओळीही नकोत."

मॅडमनी क्षणभर मास्तरांकडे पाहिलं. "विक्रीवाले विचारतील हो, काय बघून पास केली म्हणून."

"घरी लावून बघितली म्हणावं. तोंड धुऊन बघितलं."

"तुमच्या आई असंच काहीतरी सांगायच्या," मॅडम हसून म्हणाल्या आणि भट्टीवाल्यांना खूण केली. मास्तर अजून वाकलेलेच होते. ते पडद्यात काय शोधत होते कोण जाणे. पण त्यांचा चेहरा, दिव्यांच्या टेबलापाशी असायचा तसा, हळूहळू गंभीर होत गेला.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही बसलाय कुठे? आवाज घुमतोय तुमचा."

लेकीनं वर पाहिलं. आरशात मागे दार दिसत होतं आणि दारात बाबा उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग, आवाज न करता, दार बाहेरून ओढून घेतलं.

"घर रिकामं आहे ना, मास्तर," ती म्हणाली.