दहा वर्षांची ओळख

माईंनी फाईल मांडीवर उघडली आणि कागद पाचव्यांदा मोजायला घेतले. सुनेचा जन्मदाखला, रहिवासाचा दाखला, पोलिसांचा दाखला, पहिल्या लग्नाचं प्रमाणपत्र आणि सगळ्यात शेवटी, त्यांच्या मुलाच्या मृत्यूचा दाखला. प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती, प्रत्येक प्रतीवर शिक्का. कागद सगळे होते, माणूस तेवढं एक कमी होतं. कचेरीच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्या फाटकाकडे बघत राहिल्या.

फाटकापाशी सून कानाला फोन लावून उभी होती. शेजारीण नऊला येते म्हणाली होती आणि आता साडेदहा वाजून गेले होते.

"उचलतच नाहीये," सून परत येत म्हणाली. "नुसती रिंग जातेय."

"निघाली असेल. गाडीच्या आवाजात ऐकू येत नसेल."

माई बोलून गेल्या खऱ्या, पण शेजारीण निघालेली नाही आणि निघणारही नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काल संध्याकाळी वाटी परत करायच्या निमित्तानं ती आली होती. सून अजून दवाखान्यातून यायची होती. दारातच उभी राहून शेजारीण म्हणाली, "माई, तुमच्या तोंडाकडे बघून सांगते, मी काही सही करायची नाही. पोटच्या पोरीसारखी वागवलीत आणि ही बघा तुम्हाला वाऱ्यावर सोडून चालली. साक्षीदार नाही मिळाला की बसेल गप घरात."

त्यावर माईंनी चार शब्द सुनवायला हवे होते. निदान, हे तूच तिला सांग, एवढं तरी म्हणायला हवं होतं. त्यांनी वाटी घेतली आणि दार लावलं. सुनेला जेवताना सांगू म्हणून राहिलं, सकाळी सांगू म्हणून राहिलं, आणि आता तर सांगायची सोयच उरली नव्हती.

खरं सांगायचं तर गेले सहा महिने माई मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसल्या होत्या. कुठं ना कुठं घोडं अडेल, असं त्यांना वाटत होतं. सुनेच्या जन्मदाखल्यात बापाचं नाव चुकलेलं निघालं तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. ते दुरुस्त होऊन आलं तेव्हा त्यांनी सुनेबरोबर आनंद केला आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

सुनेच्या होणाऱ्या नवऱ्याशी त्यांचं वाकडं नव्हतं. दवाखान्यात मूत्रपिंडाच्या आजाऱ्यांचं रक्त धुणारी नवी मशीनं आली, ती बसवायला तो परदेशातून आला होता. ती मशीनं चालवायचं काम सुनेकडं. तीन आठवड्यांचं काम तीन महिने चाललं; मशीनं बिघडत होती की बिघडवली जात होती, देव जाणे. माईंनी त्याचं नाव मशीनवाला ठेवलं होतं. फोनवर दिसला की तो दोन्ही हात जोडायचा आणि शिकून ठेवलेलं एकच वाक्य म्हणायचा, "माई, जेवलात?" मग सकाळचे सात वाजलेले का असेनात. माणूस सरळ होता. त्याला नावं ठेवता आली असती तर माईंना सोपं गेलं असतं.

पण तो तिला घेऊन जाणार होता. सून ड्यूटीला निघायच्या आधी रोज बारा सुया ओवून उशीत टोचून ठेवायची. त्या बारा सुयांवर माईंचा दिवस जायचा. कारखान्यातून आलेल्या शर्टांची काजं करत त्या खिडकीत बसायच्या. दोन महिन्यांपूर्वी मनाची तयारी म्हणून त्यांनी एक सुई स्वतः ओवायला घेतली. दोरा ओला केला, चुरगळला, पुन्हा कापला, उजेडाकडे धरला. दुपार गेली तरी दोरा भोकात शिरला नाही. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही, सांगायला दुसरं कोण होतं म्हणा.

"अहो, तुमचा नंबर यायला दहाच जण राहिलेत," व्हरांड्याच्या टोकाला टेबल टाकून बसलेला अर्जवाला म्हणाला. लोकांचे अर्ज लिहून द्यायचं त्याचं काम, आणि सुनेचा अर्जही त्यानंच लिहिला होता. "दुसरा साक्षीदार कुठाय?"

"येत नाहीये बहुतेक."

"मग दुसरं कुणी बघा पटकन. तुम्हाला दहा वर्षं ओळखणारं, नात्यात नसलेलं कुणीही चालेल. आत जाऊन एवढंच सांगायचं की बाई सध्या कोणाची बायको नाही आणि आपल्या मर्जीनं लग्न करतेय." मग तो हसला. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं नाक शाबूत असलेल्यांनाही तेवढीच."

दवाखान्यातली मेट्रन सकाळीच येऊन, ड्यूटीची घाई सांगून, नंबराआधीच आपली साक्ष देऊन गेली होती. दुसऱ्या माणसासाठी सून आता फोनमधली नावं बघायला लागली. माईंना अक्षरं लागत नव्हती, पण ती पुटपुटत होती ते ऐकू येत होतं. रक्तपेढी. लिफ्टवाला. रुग्णवाहिका. औषधाचं दुकान. वॉर्ड चार. गॅसवाला. तिच्याबरोबरच्या मुली दोन-दोन वर्षांनी नोकरी बदलून जायच्या. माहेर तर लग्नाआधीच संपलेलं. अंगठा वर सरकत राहिला, मग थांबला, आणि मग तिनं फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"दहा वर्षं," ती म्हणाली. "कुणी नाही हो आई."

एकटी पडणार ती मीच, असं धरून माई सहा महिने स्वतःची कीव करत आल्या होत्या. आणि ही पोर त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच घरात, कधीची एकटी होऊन बसली होती. मुलगा गेल्यावर सासूचं कसं होणार म्हणून लोक यायचे, बसायचे, हात धरायचे. सुनेचा हात कुणी धरल्याचं त्यांना आठवेना. तो त्यांनीही धरला नव्हता.

"आज नाही झालं तर काय होईल?" त्यांनी अर्जवाल्याला विचारलं.

"दाखल्यांची मुदत सहा महिन्यांची. ती या शुक्रवारी संपते. पुढची तारीख मिळायलाच चार महिने. म्हणजे सगळं पुन्हा श्रीगणेशापासून. आणि तिकडची लग्नाची नोंदणी पुढच्या महिन्यात आहे ना? ती गेली."

"मी नाही का चालणार?"

"तुम्ही कोण यांच्या?"

"सासू."

"मग कशा चालाल? नातेवाईक नको म्हटलंय."

"सासू कुणामुळे? नवऱ्यामुळे. तो जाऊन सात वर्षं झाली."

अर्जवाल्यानं चष्मा कपाळावर चढवला. नियमांचा गठ्ठा काढून त्यानं एक पान दोनदा वाचलं, ओठ हलवत. "रक्ताचं किंवा सध्याच्या विवाहानं आलेलं नातं," तो म्हणाला. "सध्याच्या. हां. म्हणजे मृत्यूचा दाखला जोडला की तुम्ही तशा कुणीच नाही. चालू शकेल. पण आत साहेबांच्या समोर तुम्हाला तोंडानं सांगावं लागेल, नातं नाही म्हणून."

"सांगेन."

"नको," सून म्हणाली.

"आणि एक गोष्ट आत्ताच कानावर घालतो," अर्जवाला म्हणाला, "मागाहून माझ्या नावानं बोटं मोडू नका. एकदा असं लिहून दिलं की पुढं यांना घरचं माणूस म्हणून तिकडं बोलावता येणार नाही. कागद कागदाला ओळखतो. तो सोळा वर्षांनीही काढतील."

सून उठून उभीच राहिली. "झालं मग, राहू दे. आई, उठा. मी तुम्हाला सहा महिन्यांत बोलावून घेणार आहे, माझं ठरलंय सगळं. त्यांना पण सांगितलंय. आपण पुन्हा तारीख घेऊ."

"आणि तो थांबेल?"

"थांबेल."

"तुझं वय थांबेल?"

सुनेनं माईंच्या मांडीवरची फाईल उचलून घेतली. माईंना एवढंच करायचं होतं की उठायचं, तिचा हात धरायचा आणि घरी जायचं. सून स्वतःच म्हणत होती. पाप लागायचा प्रश्न नव्हता, जबरदस्ती नव्हती, शेजारणीची बोलणी नव्हती. उद्या सकाळी उशीत पुन्हा बारा सुया दिसल्या असत्या. हे सगळं त्यांना अगदी लख्ख दिसलं आणि हवंहवंसं वाटलं. मग त्यांना दारातली शेजारीण आठवली, हातात घेतलेली ती वाटी आठवली, आणि स्वतःची किळस आली.

"शेजारीण येणार नव्हती," त्या म्हणाल्या. "मला कालच सांगून गेली. मी तुला बोलले नाही."

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. रागावली असती तर माईंना बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"लिहा हो माझं नाव," माईंनी अर्जवाल्याला सांगितलं.

आत खोलीत एक टेबल, टेबलापुढं एकच खुर्ची आणि भिंतीला लागून बाक. अर्जदारानं मागं बाकावर बसायचं आणि मधे बोलायचं नाही, असं शिपायानं बजावलं. खुर्चीवर माई बसल्या. समोर अधिकारी बाई होत्या, माईंच्या मुलाच्या वयाच्या. मुलाचं आज असतं ते वय. टेबलावर बोलणं टिपून घेणारं एक छोटं यंत्र होतं, त्याचा लाल दिवा लागलेला.

"पत्ता दोघींचा एकच दिसतोय."

"हो."

"अर्जदाराशी नातं?"

"काही नाही."

बाईंनी पान उलटलं. मृत्यूचा दाखला वर आला. आईच्या नावापुढं बोट ठेवून त्यांनी ते साक्षीदाराच्या नावाशी ताडून पाहिलं.

"म्हणजे तुम्ही यांच्या सासू."

"होते. सात वर्षांपूर्वीपर्यंत."

"आणि त्यानंतरही एकत्र राहता?"

"घर सोडायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही."

बाईंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते आवरलं. "किती वर्षं ओळखता?"

"सोळा."

"पती वारल्यानंतर यांनी पुन्हा लग्न केलेलं नाही?"

"नाही. दवाखाना ते घर, घर ते दवाखाना. त्यांना दुसरं काही ठाऊक नाही."

सोळा वर्षं अगं-तुगं करणाऱ्या माईंच्या तोंडून 'त्यांना' आलं तेव्हा मागं बाक करकरला. माईंनी मान वळवली नाही.

"लग्न मर्जीनं करतायत?"

"मर्जी नसती तर एवढे दाखले गोळा करायचा कुणाला उत्साह असतो, बाई?"

"हो किंवा नाही सांगा."

"हो."

बाईंनी एक खूण केली. मग पुढची ओळ वाचली. "अर्जदारावर अवलंबून असलेलं कुणी आहे? लहान मूल, म्हातारं माणूस, आजारी माणूस?"

हा प्रश्न अर्जवाल्यानं सांगितला नव्हता. माईंची नजर यंत्राच्या लाल दिव्यावर गेली. बाईंना वाटलं, त्यांना नीट कळलं नाही.

"तिकडचे लोक विचारतात, आजी. असं कुणी असेल तर त्याची सोय काय केलीय ते आधी दाखवावं लागतं. तोपर्यंत अर्ज पुढं जात नाही. आहे कुणी?"

"नाही."

"तुमचं स्वतःचं कसं चालतं?"

"शर्टांची काजं करते. कारखान्याचा माणूस घरी आणून देतो. माझं मी बघते."

"जरा मोठ्यानं बोला. यंत्रात आलं नाही. अवलंबून कुणी आहे का?"

माईंनी पदर खांद्यावर नीट केला आणि त्या यंत्राकडे किंचित वाकल्या.

"कुणी नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "या बाईंवर कुणीसुद्धा अवलंबून नाही. त्या मोकळ्या आहेत."

मागून दाबलेला हुंदका आला, मग दुसरा, आणि मग तो दाबायचा प्रयत्नही संपला. अधिकारी बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि माईंच्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"यांना काय झालं?"

"मला काय ठाऊक," माई म्हणाल्या. "मी काही त्यांच्या नात्यातली नाही." आणि सही नेमकी कुठं करायची, ते त्यांनी विचारलं.