शब्दकोशात अडकलेली चावी

मित्रांनो, माझ्या तोंडात तीनच दात आहेत म्हणून हसू नका. या तीन दातांवर आत्याबाईंचं अख्खं कपाट उघडतं! मी एक जुनी, चपटी, पितळी चावी. कुलूपवाल्याने मला कानशीने इतकं घासलं होतं, की त्याच्या मिशाही पिवळ्या झाल्या होत्या.

माझ्या कपाटात दागिने नाहीत, कार्डं आहेत. प्रत्येक कार्डावर एक शब्द, आणि तो कुठून कुठून फिरत आला त्याची हकिकत. आत्याबाई तीस वर्षं ती लिहिताहेत. मोठ्याने वाचत लिहायची त्यांना सवय, त्यामुळे ऐकून ऐकून मीही शहाणी झाले.

माझं स्वतःचं कार्ड ऐकलं, तेव्हा तर मी हरखूनच गेले. लॅटिनमध्ये मी 'क्लाविस'. पोर्तुगीजांच्या तोंडी त्या 'क्ल'चा 'च' झाला आणि त्यांच्या जहाजांतून मी मराठीत उतरले. पुढे त्यांनी तो 'च' सोडून 'श' धरला. आपण मात्र 'च' सोडला नाही! पोर्तुगीजमध्ये नटबोल्टचा पाना म्हणजे मीच, गणितातला महिरपी कंसही मीच. एवढं मोठं खानदान, आणि मी इथे खिळ्याला लटकतेय!

"चावी खिळ्यालाच हवी," हा आत्याबाईंचा घराला हुकूम. आणि त्या स्वतः? लिहिता लिहिता उठायचं झालं, की मला खुणेसाठी कोशात ठेवायच्या. कोणी बघत नाही ना, हे बघून!

तिथेच घात झाला. एका संध्याकाळी माझं कार्ड अर्धवट ठेवून, कपाट बंद करून, त्यांनी मला लॅटिन कोशात सरकवलं. स्टुलावर चढून कोश वरच्या फळीवर ठेवला, आणि उतरताना धाडकन पडल्या. गळ्याजवळचं हाड मोडलं, डोकंही आपटलं. पडण्याआधीचं त्यांना काही म्हणजे काही आठवेना.

आठ दिवस मी अंधारात. बाहेर सगळे खिळ्याखालची फरशी न् फरशी धुंडाळत होते. आत्याबाईंनी टेबलावरचे कोश गुपचूप चाळले; वरच्या फळीवर काही ठेवल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. मग छापखान्यातून निरोप आला: 'च'ची कार्डं आज संध्याकाळपर्यंत आली नाहीत, तर ती सोडून आत्याबाईंच्या कोशाची छपाई सुरू. शेवटी सुतारकाकांना बोलावलं.

"खण गच्च भरलेत, बाई. छिन्नी आत गेली की कागद फाटणार. मग मला बोल लावू नका."

"फाटले तर फाटले. लावा छिन्नी," आत्याबाई म्हणाल्या. पण कपाटासमोरून हलेनात.

मी जीव तोडून ओरडले. पण चावीचा आवाज निघतो तो कुलपात!

तेवढ्यात त्यांची पुतणी मध्ये पडली. "थांबा हो काका! आत्या, डॉक्टर म्हणाले तुझं क्लॅव्हिकल मोडलंय. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी चावी. हाडाला चावी कोण म्हणतं गं?"

"मग तीच घाला कुलपात," काका म्हणाले.

"काका!"

"अगं, ही काय वेळ आहे?" आत्याबाई करवादल्या. पण कोणी शब्द विचारला आणि त्या गप्प बसल्या, असं कधी झालंय? "काढ तो वरचा जाडा कोश. 'क्लाविस'च्या जवळच असेल बघ."

पुतणी स्टुलावर चढली. कोश टेबलावर टेकताच आपोआप उघडला, बरोब्बर 'क्लाविस'वर. आणि पानावर पसरलेली कोण? मी!

"आत्या, चावी खिळ्यालाच हवी ना गं?"

आत्याबाई लाजून खिडकीबाहेर बघायला लागल्या. काकांनी छिन्नी पिशवीत टाकली. मी कुलपात शिरले, कट्ट! हात वर केला की ते हाड चावीसारखं फिरतं, म्हणून ते नाव असावं, असं आत्याबाईंनी सांगितलं. त्यांचा हात झोळीत, म्हणून माझ्या कार्डावरची ही शेवटची ओळ पुतणीने लिहिली. दिवे लागायच्या आत कार्डं छापखान्यात!

हल्ली माझ्या गळ्यात लांब लाल फीत असते. कोशात लपवलं, तरी ती बाहेर लोंबते. मित्रांनो, मला अधूनमधून तेल द्या, जागेवर ठेवा. आणि मनात आलेला प्रश्न, ही काय वेळ आहे म्हणून गिळू नका. त्या मुलीने गिळला असता, तर मी अजून अंधारातच असते.

ऐका, परत सुरू झाली ती!

"आत्या, 'फीत'पण पोर्तुगीजच ना? मग त्याच्या आधी?"

"त्यावर जाणकारांची अजून भांडणं चालू आहेत."

"मग बघू या की!"

झालं! कपाट उघडायला उचललंच तिने मला.