रविवारचं औषध

थोरल्या लेकीचं, कल्याणीचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, गणपती बसायच्या दिवशी सकाळी चंद्रभागा दवाखान्याच्या बाकावर आंकेला धरून बसली होती. पोरीची मान सारखी कलंडत होती. चंद्रभागा ती उचलून पुन्हा आपल्या खांद्यावर ठेवत होती. येरवड्याहून येताना रिक्षाला तीन ठिकाणी वळसा घ्यावा लागला, रस्त्यात ढोल आणि पाट घेतलेली माणसं. त्या आवाजातही आंकेने डोळे उघडले नव्हते.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"किती दिवस झाले हे पिवळं होऊन?"

"बारा-तेरा झाले असतील."

"आणि आज आलात. मुहूर्त बरा शोधलात."

चंद्रभागाने मान खाली घातली. डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ पाहिली, आंकेला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले. हात थरथरत खाली आले. डॉक्टरांचा आवाज बदलला.

"ही तुमच्याकडे कशी?"

"संस्थेतर्फे आलीय, जर्मनीहून. आमच्या वस्तीतल्या बालवाडीत काम करते. राहायला आमच्या घरात आहे, मार्चपासून."

"हे बघा बाई, कावीळ आराम केला की बहुतेकांची आपोआप उतरते. हिचं लिव्हर इतकं कसं बसलं, ते मला कळत नाही. बाहेरचं काही दिलंय? पाला, काढा, भस्म, नाकात थेंब? खरं सांगा, मी ओरडणार नाही."

विचारलं होतं चंद्रभागाला. पण आंकेने डोळे उघडले.

"नाही," ती मराठीत म्हणाली. "काही नाही. आई फक्त भात देते. भात आणि ताक."

एवढं बोलून तिने डोळ्याच्या कडेने चंद्रभागाकडे पाहिलं. शब्द पाळलेल्या लेकराने आईकडे पाहावं तसं. ओठ फुटले होते, तरी त्यावर थोडं हसू होतं.

"मराठी झकास बोलते," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले.

चंद्रभागाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. तोंड उघडायला तेवढा वेळ पुष्कळ होता. तिने उघडलं नाही.

औषध तिनेच दिलं होतं. दोन रविवार.

लोहगावच्या पुढे कोंडीराम नावाचा म्हातारा देतो. देवडांगरीचं कडू फळ रात्रभर भिजत घालायचं, सूर्य उगवायच्या आत उपाशीपोटी त्या पाण्याचे तीन-तीन थेंब दोन्ही नाकपुड्यांत सोडायचे. मग दिवसभर नाकातून पिवळं पाणी गळतं. कावीळ गळून जाते म्हणतात. तीन रविवार करायचं, मीठ बंद. कोंडीराम कुणाकडून काही घेत नाही. त्याची अट एकच असते.

"कुनाला सांगायचं न्हाई. डागदरला न्हाई, घरधन्याला न्हाई. सांगितलं की गुन गेला. पोरीलाबी नीट समजावून सांगा, परदेशी हाय म्हनून म्हनतो."

चंद्रभागा काही अडाणी बाई नव्हती. घरात बाबासाहेबांची तसबीर, नवरा तात्याराव विहाराच्या समितीवर. आजारी माणसाला डॉक्टर, देवऋषी नाही, हे तो लग्नापासून सांगत आलेला. पण हा देवऋषी नव्हता, मंत्र नव्हता, हे झाडपाल्याचं होतं. आणि तिचा मुलगा चेतन नऊ वर्षांचा असताना ह्याच थेंबांनी उठून बसला होता, तेही तात्यारावांना न सांगता. वस्तीतली दहा माणसं तिने अशी बरी झालेली पाहिली होती. तात्याराव रविवारी पहाटे विहार झाडायला जात, तेवढा वेळ तिला पुरला.

पहिल्या रविवारी आंकेचं डोकं मांडीवर घेऊन तिने समजावलं होतं. बोटाने थेंब दाखवले, मग बोट ओठांवर ठेवलं. आंकेने गंभीरपणे तिची नक्कल केली, बोट आपल्याही ओठांवर ठेवलं. घरातलं गुपित घरच्या माणसालाच सांगतात, एवढं तिला कळलं होतं आणि त्याचा तिला आनंदच झाला होता. औषध नाकात गेल्यावर ती कळवळली, डोळ्यांतून धारा लागल्या. पण ओरडली नाही. तात्याराव आले तेव्हा म्हणाली, "सर्दी."

दुसऱ्या रविवारनंतर उलट्या थांबेनात.

संस्थेचा नियम असा की पाहुणा आजारी पडला तर त्याच दिवशी फोन करायचा. चंद्रभागाने फोन केला नाही. गेल्या साली शेजारच्या सृष्टीच्या घरी एक मुलगी होती. तिला नुसते जुलाब झाले. दुसऱ्या दिवशी गाडी आली, मुलीला कोरेगाव पार्कला नेलं, आणि घराचं नाव यादीतून गेलं. नाव गेलं तसा सृष्टीचा नंबरही गेला. कारण जे घर पाहुणा नीट सांभाळेल, त्या घरातल्या एका मुलाला वर्षभर जर्मनीला पाठवायचं, अशी ती पद्धत होती. राहणं, जेवण, विमान, सगळं संस्थेचं.

चेतनच्या निवडीचं पत्र जुलैतच आलं होतं. ऑक्टोबरात जायचं होतं. त्यांच्या गल्लीत पासपोर्ट काढलेला तो पहिला.

बुधवारी दुपारी तो दवाखान्याच्या जिन्यात भेटला. सकाळीच त्याने आंकेसाठी रक्त दिलं होतं, दंडावर पट्टी होती. चंद्रभागाने त्याला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकला, मग खाली पायरीवरच बसला.

"कोणाकोणाला माहितीये?"

"कोंडीरामाला. आता तुला."

"मग बास. तू काही बोलू नकोस आई. कावीळ आहे, कुणालाही होते."

"डॉक्टर विचारत होते रे."

"विचारू देत. त्यांना ट्रीटमेंट करायची ती करतीलच ना! सांगून काय लिव्हर नवीन मिळणारे?"

"आणि सांगून जीव वाचत असेल तर?"

चेतनने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"मी काय तिचा शत्रू आहे का? मला बहीण आहे ती. कल्याणीच्या लग्नात माझ्याबरोबर तिने पंगती वाढल्यात." त्याचा आवाज चिरकला. "पण मग मी काय करू सांग. बुधवार पेठेत दुसऱ्याचे टेप दुरुस्त करत बसू जन्मभर? तिकडे सगळे कॉम्प्युटरवर चाललेत, हिंजवडीत म्हणे मोठमोठ्या कंपन्या येतायत, आणि आपण? एक दार उघडलंय आई. एकच."

खालून तात्याराव थर्मास घेऊन वर येताना दिसले. चेतन पायरीवरून उठून उभा राहिला.

"काय म्हणतात?" तात्यारावांनी विचारलं.

"तेच," चंद्रभागा म्हणाली.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. आंकेला काचेच्या दारापलीकडे हलवलं होतं. संस्थेच्या नम्रता मॅडम येऊन गेल्या. त्या रागावल्या नाहीत, उलट चंद्रभागाच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "तुम्ही तरी काय काय करणार!" तो हात तिला सोसवेना. घरी आल्यावर तिने चूल पेटवून भांडं चढवलं आणि भात टाकायचा विसरून तशीच बसून राहिली. रिकामं भांडं जळायला लागलं तेव्हा कळलं.

शनिवारी संध्याकाळी नर्सने पाच मिनिटांसाठी आत सोडलं. आंके आता बराच वेळ झोपेतच असायची. कधी जर्मनमध्ये बडबडायची, कधी कुणाला ओळखायची नाही. चंद्रभागाने तिच्या कपाळावर हात ठेवला तसे तिने डोळे उघडले. ते हळदीसारखे झाले होते.

"आई."

"हां बाळा."

"उद्या रविवार?"

चंद्रभागाला आधी उमगलंच नाही.

"उद्या रविवार," आंके पुन्हा म्हणाली. मग मोठ्या कष्टाने हात उचलून तिने बोट ओठांवर ठेवलं. "मी नाही सांगितलं. कुणाला नाही."

तिचा हात परत चादरीवर पडला.

चंद्रभागा बाहेर आली ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. दार वाजवायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

"मी थेंब दिलेत," ती उभ्यानेच म्हणाली. "नाकात. देवडांगरीचे. दोन रविवार."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मंगळवारी मी विचारलं होतं."

"हो."

"ती नाही म्हणाली."

"तिला मीच सांगितलं होतं, बोलू नको म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा काढला. ओरडतील, हाकलून देतील, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी किती थेंब, कधी, फळ किती वेळ भिजवलं, सगळं विचारलं आणि केसपेपरवर लिहून घेतलं. नर्सला बोलावून काहीतरी इंग्रजीत सांगितलं.

"साहेब, त्या दिवशीच सांगितलं असतं तर..."

"ते मला विचारू नका. मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी मी तुम्हाला सांगितलं नसतं."

ती दाराशी गेली तेव्हा ते मागून म्हणाले, "तिची आई मंगळवारी येतेय. तिला सांगायचं काम माझ्यावर टाकू नका. मी कागदावर लिहिलंय. कागद कपाटात जातो, पुन्हा कोणी वाचत नाही. माणसाला माणसाने सांगावं लागतं."

आंकेची आई मंगळवारी सकाळी आली. उंच, सडपातळ बाई, पिकलेले केस कापलेले. प्रवासात चुरगळलेला सदरा तसाच अंगावर होता. ती आत जाऊन तासभर लेकीजवळ बसली आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. तात्याराव चहा आणायला खाली गेले होते. चंद्रभागा बाकावरून उठली.

"चेतन, ह्यांना सांग."

"काय?"

"मी बोलते तसं सांग."

ती एक एक वाक्य बोलली. प्रत्येक वाक्याला थांबली, पोराला जड जाऊ नये म्हणून.

"माझ्या हातून चूक झालीय. तुमच्या पोरीला कावीळ झाली, तेव्हा मी डॉक्टरकडे नेलं नाही. घरच्या घरी नाकात औषध घातलं. दोन वेळा. कुणाला सांगू नको म्हटलं, म्हणून ती डॉक्टरांशी खोटं बोलली. तिची चूक नाही. माझी आहे."

चेतन इंग्रजीत बोलला. बराच वेळ बोलला. बोलताना तो त्या बाईकडे पाहत नव्हता, समोरच्या अग्निशामक नळकांड्याकडे पाहत होता.

बाईचे डोळे भरून आले. तिने पुढे होऊन चंद्रभागाचे दोन्ही हात हातात घेतले आणि आपल्या गालाला लावले. काहीतरी पुटपुटली. त्यातला 'आंके' एवढाच शब्द चंद्रभागाला कळला.

चंद्रभागाने आयुष्यात पुष्कळ वाईट बातम्या ऐकल्या होत्या, सांगितल्याही होत्या. ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, हे तिला ठाऊक होतं. असा होत नाही.

"काय सांगितलंस रे?"

"तू म्हणालीस तेच."

"मग ह्या माझे हात का धरतायत?"

चेतन अजून नळकांड्याकडेच पाहत होता. त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती.

"आई, प्लीज," तो शेवटी म्हणाला. "घरी जाऊन बोलू. तुझ्या पाया पडतो."

चंद्रभागाने त्याच्याकडे पाहिलं. एकवीस वर्षांचं पोर. दाढी धड आली नव्हती. नऊ वर्षांचा असताना तिच्या मांडीवर पिवळाजर्द होऊन पडला होता, तेव्हाचाच चेहरा. त्याच्यासाठी तिने काय केलं नसतं! तिला वाटलं, गप्प राहावं. हे दोन हात असेच राहू द्यावेत.

मग तिने आपला उजवा हात हळूच सोडवून घेतला.

तिने मान मागे टाकली. चिमटीत कापसाचा बोळा धरल्यासारखी बोटं धरून ती नाकपुडीवर नेली आणि पिळली. बोटांनी दाखवलं, एक, दोन, तीन. मग दुसऱ्या नाकपुडीवर. एक, दोन, तीन. त्याच बोटाने काचेपलीकडे दाखवलं. आपल्या छातीवर बोट टेकवलं. शेवटी ते ओठांवर ठेवलं आणि पुन्हा काचेकडे दाखवलं.

"आई!" चेतन ओरडला. बाकावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

आंकेच्या आईने चंद्रभागाकडे पाहिलं, मग चेतनकडे. तिने स्वतःच्या नाकपुडीशी बोटं नेली आणि अगदी सावकाश, विचारल्यासारखी ती पिळली.

चंद्रभागाने मान हलवली. हो.

बाईने चेतनला एकच वाक्य विचारलं. आवाज चढवला नाही. चेतन खाली बघत होता. तो बोलला, ह्या वेळी थोडकंच.

चंद्रभागाचा डावा हात अजून तिच्या हातात होता. बाई त्या हाताकडे पाहत राहिली. त्यावरच्या शिरा, बांगड्या, नखातली हळद. मग तिने तो काळजीपूर्वक, काचेची वस्तू ठेवावी तसा, बाकाच्या पाठीवर ठेवला आणि दार ढकलून आत गेली.

तात्याराव चहा घेऊन आले तेव्हा मायलेक बाकाच्या दोन टोकांना बसले होते. त्यांनी दोघांच्या मधे कप ठेवले. कुणी घेतले नाहीत.

आंके गुरुवारी, तीन सप्टेंबरला, दुपारी सव्वादोन वाजता गेली. तिला वीस वर्षं पुरी व्हायला अकरा दिवस होते.