उघड्या डोळ्यांचे रंग

“डोळे मिटा बाई, आणि पापणी सैल सोडा. झोपेचं सोंग घेतल्यासारखी,” मावशी म्हणाल्या.

“सोंग कशाला? या खुर्चीत खरीच झोप लागेल मला,” असे म्हणून खुर्चीतल्या बाईंनी डोळे मिटले. त्या टपाल कचेरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. सभोवती बसलेल्या पाच नवशिक्या स्त्रिया हसल्या. मावशींना मात्र हसू आले नाही. त्यांनी ब्रशचे टोक पुन्हा एकदा फडक्यावर पुसले.

त्या पार्लरमध्ये मावशींनी एकोणीस वर्षे टॉवेल धुतले होते आणि जमिनीवरचे केस झाडले होते. शिकवणाऱ्या बाई अकस्मात नोकरी सोडून गेल्या, तेव्हा मावशींनी मालकीणबाईंकडे शब्द टाकला होता, की नवशिक्यांचा वर्ग मला द्या. टॉवेलांच्या घड्या घालता घालता त्यांनी एकूण एक धडा कानांत साठवला होता आणि घरी सुनेच्या पापण्यांवर तो गिरवलाही होता. मालकीणबाई हसल्या नाहीत, पण विरघळल्याही नाहीत. “आजच्या वर्गातल्या एकीचे डोळे सगळ्यांसमोर रंगवून दाखवा,” त्या म्हणाल्या. “जमलं तर वर्ग तुमचा. नाही जमलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

आता मालकीणबाई भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभ्या होत्या.

मावशींनी प्रथम पापणीवर अस्तराचे क्रीम बोटाने थोपटले. “हे नसलं तर रंग तासाभरात गळतो,” त्यांनी सांगितले. मग ब्रश रंगात टेकवून डबीच्या काठावर हलकेच झटकला. “जास्तीचा रंग इथेच झटकायचा. गालावर सांडला की मग रडारड.” आतल्या कोपऱ्यात त्यांनी हळदीसारखा पिवळा भरला, मध्यभागी राणी रंग आणि बाहेरच्या टोकाला गडद निळा. एक रंग कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे कळू नये, म्हणून कोरा ब्रश त्यांनी लहान लहान वर्तुळांत फिरवला. मिटलेल्या त्या दोन पापण्यांवर जणू संध्याकाळचे आकाश उतरले.

“अगं बाई, काय सुंदर,” एक नवशिकी पुटपुटली.

“उघडा डोळे,” मावशी म्हणाल्या.

बाईंनी डोळे उघडले, आणि सारे आकाश नाहीसे झाले. बाईंची पापणी वयोमानाने ओघळलेली होती. वरची कातडी घडीसारखी खाली आली आणि तिने तिन्ही रंग गिळून टाकले. काठाशी निळ्याची बारीकशी रेघ तेवढी उरली.

बाई आरशात वाकून पाहू लागल्या. “केलंत ना? की अजून व्हायचंय?”

केस कापणारी तरुणी कोपऱ्यातून म्हणाली, “मावशी, रंग गेला कुठे? सवयीने पुसून घेतलात की काय टॉवेलला?”

पुन्हा हशा पिकला. मावशींच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सुनेची पापणी तरुण आणि ताठ. तिच्यावर हा प्रसंग कधी आलाच नव्हता. मालकीणबाईंनी हाताची घडी सोडली आणि त्या दाराकडे वळल्या.

“राहू द्या हो,” बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “छत्तीस वर्षं शिक्के मारले मी. शाईखेरीज रंग अंगाला लागलाच नाही कधी. माझ्या डोळ्यांचाच दोष असेल.”

हे शब्द मावशींच्या जिव्हारी लागले. दोष डोळ्यांचा नव्हता, आणि तशी समजूत घेऊन ही बाई घरी जाणार होती.

त्याच क्षणी त्यांना आपला नवरा आठवला. तो पाट्या रंगवणारा होता, आणि लग्नानंतर मावशी त्याच्यासोबत रंगाचे डबे धरीत हिंडत. एका कापडवाल्याच्या शटरवर त्याने चार दिवस खपून मोर काढला. पाचव्या दिवशी सकाळी कापडवाल्याने शटर वर ओढले आणि मोर गुंडाळला गेला पिसाऱ्यासकट. गिऱ्हाइकांना तो कधी दिसलाच नाही. तेव्हा मावशीच नवऱ्याला म्हणाल्या होत्या, “अहो, दुकान उघडं असताना लोक येणार. वरच्या पट्टीवर काढा की.” पुढे तो चारचौघांत सांगत असे, की ब्रश माझा, अक्कल हिची.

“मॅडम, पाच मिनिटं थांबा,” मावशी म्हणाल्या. आवाज स्वतःचाच वाटू नये इतका ठाम होता. “चूक माझी. मी बंद दुकान रंगवलं.”

कोणाला काही उमगले नाही. मावशींनी दोन्ही पापण्या स्वच्छ पुसल्या आणि नवे अस्तर लावले.

“आता डोळे मिटायचे नाहीत. समोर आरशात बघायचं, दारात पोस्टमन आल्यासारखं.”

“पोस्टमन माझ्या हाताखाली होते,” बाई म्हणाल्या, पण डोळे टक्क उघडे ठेवले.

घडी जेथे संपत होती, तेथून किंचित वर मावशींनी राणी रंगाचे तीन ठिपके दिले. मग ते एकमेकांत मिसळून कमान केली. निळा बाहेरच्या टोकाकडून वर चढवला आणि पिवळा नाकाजवळच्या कोपऱ्यात ठेवला. दुसराही डोळा तसाच झाला.

बाईंनी आरशात पाहिले. डावीकडे मान वळवली, उजवीकडे वळवली. मग हळूच म्हणाल्या, “ही कोण?”

“तुम्हीच,” मावशी म्हणाल्या.

“इतकी वर्षं कुठे होती मग?” बाईंनी पर्समधून चष्मा काढला, पण लावला नाही.

पुढचा तासभर त्या पाच जणी आरशांपुढे डोळे वटारून बसल्या. “मावशी, मला कोणी बुक्की मारल्यासारखं दिसतंय,” एकीने तक्रार केली.

“दिसू दे. कोरा ब्रश घ्या, कडा फिक्या करा. आणि डोळे उघडे ठेवूनच जागा ठरवायची.” बुक्कीची हळूहळू मोरपिसे झाली. केस कापणारी जवळ येऊन दबक्या स्वरात म्हणाली, “मावशी, माझ्याही डोळ्याला चालेल का हे?”

“चालेल. फी भरून ये,” मावशी म्हणाल्या, आणि या वेळी सर्वांत मोठ्याने मालकीणबाई हसल्या.

स्त्रिया गेल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, “सोमवारी साडेतीनला पुढचा वर्ग. फलकावर तुमचं नाव घालते. मुलींनी काय म्हणायचं तुम्हाला? मॅडम?”

मावशींनी विचार केला. “मावशीच म्हणू दे. फक्त टॉवेल मागताना नको.”

मालकीणबाईंनी मान डोलावली आणि खुर्चीवरचे ओले टॉवेल स्वतःच उचलून नेले.

मावशी बेसिनपाशी ब्रश धूत एकट्या उभ्या राहिल्या. निळे, राणी, पिवळे पाणी एकमेकांत मिसळून वाहून गेले. ब्रशचे केस बोटांनी सरळ करून त्यांनी एकेक ब्रश फडक्यावर आडवा ठेवला. नवरा गेला, त्या सकाळीही त्यांनी त्याचे ब्रश असेच धुऊन आडवे ठेवले होते. ते पुन्हा कोणी उचलले नाहीत. हे सोमवारी साडेतीनला लागणार होते.